गाडी चालू होत नाही? आधी किल्ली सोडा आणि कान द्या

गाडी चालू झाली नाही की हात आपोआप पुन्हा किल्लीकडे जातो. मग पुन्हा एकदा. मग जरा जोरात, जणू जोर लावला की इंजिनाला लाज वाटेल. मीही हेच केलंय. पहिली गाडी घेतली त्या वर्षी एका सकाळी पाऊण तास किल्ली फिरवत बसलो होतो. आवाज सोडा, साधी टिक नाही. शेवटी एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बोनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून तो वाकला, क्लचच्या पेडलखाली सरकलेली मॅट ओढून बाहेर काढली आणि म्हणाला, "आता मारा सेल्फ." गाडी पहिल्या फटक्यात चालू! मॅट अडकल्यामुळे क्लच तळापर्यंत जात नव्हता, आणि क्लच पूर्ण दाबल्याशिवाय त्या गाडीचा सेल्फ लागतच नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ऐकायचं, मग बघायचं, आणि हात सगळ्यात शेवटी लावायचा. बोनेटखाली काय असतं याची फारशी कल्पना नसली तरी हा क्रम पाळता येतो. सोबत एक टॉर्च, १० नंबरचा पाना आणि जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायच्या जाड वायरी) असली की बरंच काम भागतं. व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर असेल तर उत्तमच.

इंजिन फिरतंय की नाही?

सेल्फ मारल्यावर दोन वेगळी कामं होतात. बॅटरीचा करंट सेल्फ मोटरला जातो आणि ती मोटर इंजिनाला फिरवते; 'घर्र घर्र' ऐकू येतं ते हे. इंजिन फिरू लागलं की त्याला योग्य वेळी इंधन आणि ठिणगी मिळते आणि ते स्वतःच्या बळावर धरतं. फिरवण्याचं काम बॅटरी आणि सेल्फचं, धरण्याचं काम इंधन आणि ठिणगीचं.

नवखा माणूस इथेच घोटाळा करतो. इंजिन जागचं हलत नसताना तो पेट्रोलचा काटा बघतो, आणि इंजिन छान गरगरत असताना बॅटरी बदलून आणतो. म्हणून एकदाच सेल्फ मारा, फार तर पाचेक सेकंद, आणि नीट ऐका. रेडिओ आणि पंखा बंद ठेवा, शेजारी बसलेल्यांनाही क्षणभर गप्प करा. काहीच आवाज नाही, एकच 'टक्', भराभर 'टिकटिकटिक', दमल्यासारखं 'घर्रऽ… घर्रऽ…' की नेहमीसारखं जोमात फिरतंय पण धरत नाही? तुमच्या गाडीचा आजार या पाचांपैकी कुठल्यातरी एका खोलीत आहे.

(सेल्फला नावं ठेवताना एक लक्षात असू द्या. १९१२ साली कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ गाडीत बसवला. त्याआधी पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावं लागे, आणि ते उलटं झटकलं की मनगट मोडे.)

काहीच आवाज नाही

बोनेट उघडू नका. आधी आतल्या आत एवढं बघा.

गिअर ऑटोमॅटिक असेल तर दांडा खरोखर 'पी'मध्ये (पार्क) आहे का? 'पी' दिसतं पण दांडा अर्धा अडकलेला असतो, असं पुष्कळदा होतं. ब्रेक दाबून तो 'एन'मध्ये (न्यूट्रल) आणा आणि तिथे सेल्फ मारून बघा. 'एन'मध्ये लागला आणि 'पी'मध्ये लागला नाही, तर गिअरचा स्विच बिघडत चालला आहे. गिअर हाताचा असेल तर क्लच पार तळापर्यंत दाबा, आणि हो, मॅट बघा.

बटणाची गाडी असेल तर ब्रेक दाबलाय का? नुसता पाय टेकवून चालत नाही. बंद गाडीचा ब्रेक दोनचार वेळा दाबला की तो दगडासारखा घट्ट होतो; अशा वेळी अंगाचा भार टाकून दाबावा लागतो. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का, हे कुणाला तरी बघायला सांगा. लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलेला असू शकतो, आणि गाडीला वाटतं की तुम्ही ब्रेक दाबलेलाच नाही.

किल्ली फिरतच नसेल तर तो बहुधा स्टिअरिंग लॉक असतो. एका हातानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हातानं किल्ली हलकेच फिरवा. जोर स्टिअरिंगवर द्या, किल्लीवर नको. किल्ली तुटली तर साध्या दुखण्याचं ऑपरेशन होईल.

रिमोट-किल्लीचा सेल संपला तर गाडी किल्ली ओळखत नाही. पण बहुतेक किल्ल्यांमधल्या चिपला सेल लागत नाही, ती जवळून वाचता येते. किल्ली सरळ स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि किल्लीनंच बटण दाबा. काही गाड्यांत ती ठेवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. दार उघडायला लोखंडी किल्ली बहुधा रिमोटच्या पोटातच लपलेली असते. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा, अडवतो आहे. दुसरी किल्ली असेल तर ती वापरून बघा. मूळ किल्लीसोबत दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली एकाच कडीत अडकवली असेल तर तीही बाजूला काढा.

आणि डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, हॉर्न नाही, आतला दिवा नाही असं असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

टिकटिक, किंवा दमलेली घर्रघर्र

हे बॅटरीचं बोलणं. भराभर टिकटिक येते तेव्हा सेल्फचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) धरायला बघतो, तेवढ्यानं व्होल्टेज कोसळतं, तो सोडतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा धरतो. तेच चक्र. सेल्फ मोटर शेकड्यात अँपिअर मागते. डॅशबोर्डचे दिवे लावायला त्याच्या तुलनेत काहीच लागत नाही. म्हणून "दिवे तर लागतायत, मग बॅटरी ठीक आहे" हा निष्कर्ष साफ चुकीचा.

हेडलाइट लावा आणि भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे बघत सेल्फ मारा. उजेड पार मावळला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं कनेक्शन सैल आहे. उजेड तसाच राहिला आणि आवाजही नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही: स्विच, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा वायर बघायला हवी. उजेड फारसा न ढळता एकच दणदणीत 'टक्' आला, तर संशय सेल्फवर.

मल्टिमीटर असेल तर अंदाज बांधायची गरजच नाही. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर साधारण १२.६ दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. सेल्फ मारतानाचा आकडा त्याहून बोलका असतो: तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी बॅटरीसुद्धा आतून थकलेली आहे.

बॅटरीला शिव्या देण्याआधी मात्र टर्मिनल बघा. टॉर्च मारून अगदी जवळून. शिशाच्या खांबाभोवती पांढरी, कधी निळसर-हिरवी भुकटी जमलेली असते. मीठ पाझरलेल्या भिंतीसारखी. वरून स्वच्छ दिसत असेल तरी टर्मिनल हातानं पिळून बघा. किंचितही फिरलं तर ते सैल आहे. दिव्यापुरता करंट त्यातून जातो, सेल्फपुरता जात नाही.

साफ करायचं तर आधी वजा टर्मिनल सोडवा, मग अधिक. लावताना उलट: आधी अधिक, शेवटी वजा. हा नियम कुणी शास्त्र म्हणून पाळतात, पण कारण अगदी साधं आहे. गाडीचा अख्खा सांगाडा वजाला जोडलेला असतो. अधिकाचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि वजा जोडलेलाच असेल, तर ठिणग्यांचा फवारा उडतो आणि पाना हातात तापतो. वजा आधीच काढलेला असेल तर काही होत नाही. अंगठी, कडं काढून ठेवा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ते ओता. भुकटी फसफसून निघून जाते. जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, शिशाला चमक येईपर्यंत पॉलिशपेपर फिरवा, घट्ट आवळा. निम्म्या वेळा नव्या बॅटरीचा खर्च इथेच वाचतो, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

बॅटरी फुगलेली, तडकलेली, गोठलेली असेल किंवा तिला सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर तिला हात लावू नका. जंपर केबलही लावू नका.

जंपर केबल लावताना

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात, एकमेकींना टेकलेल्या नकोत, दोन्हींचे हँडब्रेक ओढलेले आणि सगळं बंद. दुसरी गाडी हायब्रिड असेल तर ती करंट देऊ शकते का, हे तिच्या मॅन्युअलमध्ये बघूनच पुढे जा. काही गाड्यांची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते, पण जोडणीसाठी बोनेटखाली वेगळे खांब दिलेले असतात. क्रम असा:

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिकाला.
२. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकाला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या वजाला.
४. काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

चौथ्या पायरीला लोक आळस करतात आणि चिमटा सरळ उतरलेल्या बॅटरीच्या वजावर लावतात. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि तो पेट घेतो. ठिणगी उडायचीच असेल तर ती बॅटरीपासून हातभर लांब उडू दे.

आता चांगली गाडी चालू करा, पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग बंद गाडीचा सेल्फ मारा. चालू झाली की चिमटे उलट्या क्रमानं काढा, आधी इंजिनावरचा काळा. लाल-काळ्याची अदलाबदल मात्र एकदाही होता कामा नये. एका क्षणात अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. रंग जुने-मळके झाले असतील तर बॅटरीवरची अधिक-वजाची खूण बोटानं चाचपून खात्री करा.

गाडी चालू झाली म्हणजे आजार बरा झाला असं नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १२ च्याच आसपास रेंगाळत असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि गाडी थोड्याच वेळात पुन्हा बसणार. चार्जिंग ठीक असेल तर आठवून बघा: रात्री दिवा राहिला होता का, गाडी तीन आठवडे उभी होती का, बॅटरी किती जुनी आहे. तीन ते पाच वर्षं हे बॅटरीचं सर्वसाधारण आयुष्य. उन्हाळा बॅटरीला आतून खातो, पण तिचा जीव जातो थंडीत, कारण तेव्हा ऑइल घट्ट होतं आणि इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते.

बॅटरी भरलेली, टर्मिनल स्वच्छ, आणि तरीही एकच 'टक्'? सेल्फ मोटरला लाकडी दांड्यानं हलकेच ठोकत दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगा. मात्र गिअर न्यूट्रल किंवा 'पी'मध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि हात-कपडे बेल्टपासून लांब. आतले झिजलेले ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) अशा ठोक्यानं कधीकधी एकदा धरतात. धरले तर गाडी बंद न करता सरळ गॅरेज गाठा.

इंजिन जोमात फिरतंय, पण धरत नाही

आता बॅटरीला विसरा. आणि सेल्फही दहा सेकंदांच्या वर मारू नका. मधे निदान अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ तापून जळेल आणि एका बिघाडाचे दोन होतील.

टाकीत इंधन आहे का? काटा खोटं बोलू शकतो, आणि उतारावर तिरकी उभी असलेली गाडी तर नक्कीच फसवते. मग टाकीतून इंधन पुढे ढकलणारा पंप ऐका. सेल्फ न मारता किल्ली फक्त 'ऑन'वर आणा आणि मागच्या सीटजवळ कान लावा. पेट्रोल गाड्यांत बहुधा दोनेक सेकंद बारीक 'ऊंऽऽ' येतो आणि थांबतो. काही गाड्यांत तो दार उघडतानाच येऊन जातो. आवाज नेहमी येत होता आणि आज नाही, तर फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडा. झाकणाच्या आत नकाशा असतो. पंपाचा फ्यूज काढून उजेडात धरा. आतली तार तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावा. जास्त अँपिअरचा कधीच नाही, त्यातून वायरिंग पेटतं. पंपाच्या रिलेसारखाच दुसरा रिले त्याच डब्यात असेल, समजा हॉर्नचा, तर दोघांची जागा बदलून बघा. फुकटातली चाचणी आहे. काही गाड्यांत अपघातानंतर पंप बंद करणारा स्विच असतो, तो मोठ्या खड्ड्याच्या दणक्यानंही उडू शकतो. मॅन्युअलमध्ये त्याची जागा शोधा आणि बटण दाबा. त्याआधी गाडीखाली वाकून गळती नाही ना, हे मात्र बघा.

पेट्रोलचा उग्र वास येतोय आणि तुम्ही बराच वेळ सेल्फ मारलाय? ठिणगी पाडणारे प्लग पेट्रोलनं ओले झाले असणार. दहा मिनिटं थांबा. मग ॲक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत असं केलं की कॉम्प्युटर इंधन तोडतो आणि फक्त हवा आत जाते. इंजिन खोकत धरायला लागलं की पाय हळूहळू उचला. वास थांबूनही जात नसेल, किंवा खाली थेंब दिसत असतील, तर सेल्फ अजिबात नको.

सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडेही बघा. इंजिन फिरताना तो किंचित थरथरायला हवा. काटा मेल्यासारखा पडून असेल तर क्रँकशाफ्टच्या सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्यावा. पक्का पुरावा नव्हे, पण दिशा मिळते. हा सेन्सर गरम झाल्यावर रुसतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो; "प्रवासात बंद पडली, अर्ध्या तासानं आपोआप चालू झाली" या गोष्टीमागे पुष्कळदा तोच असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचे बिघाड वाचायची जागा) छोटा स्कॅनर जोडला आणि पी०३३५ हा कोड आला, तर तो याच सेन्सरच्या सर्किटचा.

डिझेलचं गणित वेगळं, कारण तिथे ठिणगीच नाही. किल्ली ऑन केल्यावर स्प्रिंगसारखा वेटोळ्याचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ. थंडीत ही घाई फार नडते. टाकी कोरडी होऊन गाडी थांबली असेल तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही. लाइनीत हवा धरते. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. सीएनजीवर धरत नसेल तर आधी पेट्रोलवर टाकून बघा.

गाडी चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल, आणि दर वेळी तेवढ्यातच, तर पुन्हा इमोबिलायझरकडे बोट जातं. दुसरी किल्ली आणा.

इथे सेल्फ मारायचाच नाही

पाण्यातून जाताना बंद पडली तर. हा नियम मोडला की इंजिन मोडतं, इतकं सरळ आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. सेल्फनं किंवा धरलेल्या इंजिनानं जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली काढा, गाडी ढकलून किंवा उचलून न्या.

इंजिन एकाएकी फार हलकं, शिवणयंत्रासारखं भर्रकन फिरायला लागलं असेल तर. कॉम्प्रेशनचा लयदार घर्रघर्र नसून नुसता सरसर आवाज येत असेल, तर टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) तुटलेला असू शकतो. पुष्कळ इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि प्रत्येक सेल्फ म्हणजे आणखी एक आघात.

चुकीचं इंधन भरलं असेल तर. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं हे पेट्रोल पंपावरच लक्षात आलं, तर किल्ली 'ऑन'वरही आणू नका. ऑन करताच गाडीतला पंप ते पुढे ढकलायला लागू शकतो. टाकी रिकामी करणं हे त्या मानानं किरकोळ काम आहे.

धक्का मारून?

हाताच्या गिअरची गाडी आणि थोडाफार जीव असलेली बॅटरी, एवढंच असेल तर जमतं. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला; गाडीनं पळत्या माणसाचा वेग घेतला की क्लच झटकन सोडा आणि धरताच पुन्हा दाबा. बॅटरी ठार मेलेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटर जागेच होत नाहीत, मग कितीही घाम गाळा. इंजिन बंद असताना ब्रेक घट्ट आणि स्टिअरिंग जड असतं, म्हणून उतारावर किंवा रहदारीत हा उद्योग करू नये. ऑटोमॅटिकला तर विसराच. इंजिन फिरतंय पण धरत नाही अशा गाडीलाही धक्का देऊन काही मिळत नाही. सेल्फ तेच काम आधीच करतो आहे, आणि न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतं.

मेकॅनिकला फोन करताना

"गाडी बंद पडली" एवढं सांगू नका. मोबाइल डॅशबोर्डसमोर धरा आणि किल्ली ऑन करण्यापासून सेल्फ सोडेपर्यंत दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. दिवे दिसायला हवेत, आवाज ऐकू यायला हवा. सोबत तीन ओळी लिहा: शेवटची कधी चालू झाली होती, तेव्हा इंजिन थंड होतं की गरम, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलंत. जुगाड केला असेल तर तोही सांगा, लाजू नका. जाणकार माणूस आवाज ऐकूनच ठरवतो की येताना बॅटरी घ्यायची, सेल्फ घ्यायचा, की टोईंगची गाडीच पाठवायची.